पोर्तुगालची वाइन, इंग्लंडचे कापड

परदेशात जी वस्तू कमी श्रमात होते ती तिथून घ्यावी, आपल्याकडे जी कमी श्रमात होते ती त्यांना द्यावी, असे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मांडले. याला निरपेक्ष लाभ म्हणतात. पण एखादा देश दोन्ही वस्तूंत सरस असला, तर दुसऱ्याने विकायचे काय?

ही गाठ डेव्हिड रिकार्डोने १८१७ च्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात सोडवली. त्याने घेतलेला हिशेब असा : इंग्लंडमध्ये ठरावीक कापडाला वर्षभर १०० माणसे लागतात, ठरावीक वाइनला १२०. पोर्तुगालमध्ये तेच कापड ९० माणसांत होते, तीच वाइन ८० माणसांत. पोर्तुगाल दोन्हीकडे वरचढ. तरीही त्याने माणसे वाइनलाच लावावीत. ८० जणांची वाइन देऊन इंग्लंडचे कापड घेतले, की ९० जणांचे काम ८० जणांत भागते. इंग्लंडला १२० जणांची वाइन १०० जणांच्या कापडावर मिळते; त्याचे तर वीस जणांचे श्रम वाचतात.

इथे इंग्रज विणकराची पोर्तुगीज विणकराशी तुलना करून काही हाती लागत नाही. तुलना एकाच देशातल्या दोन कामांची. एक माप कापड विणताना पोर्तुगालला एका मापाहून जास्त वाइनवर पाणी सोडावे लागते, इंग्लंडला एका मापाहून कमी. म्हणून कापड इंग्लंडनेच विणावे. हा तुलनात्मक लाभ. अर्थशास्त्रात इतकी साधी आणि तरी इतकी अनपेक्षित गोष्ट क्वचितच सापडते.

माप-मापाला हा दर रिकार्डोने गृहीत धरलेला आहे. प्रत्यक्षात दर कुठे ठरेल, हे दोन्हीकडच्या मागणीवर अवलंबून असते, असे पुढे जॉन स्टुअर्ट मिलने दाखवले.

उदाहरणही हवेतले नव्हते. १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगालने इंग्रजी लोकरी कापडाला बाजार खुला केला. बदल्यात पोर्तुगीज वाइनवरची इंग्लंडमधली जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी राहिली. वाइनचा धंदा वाढला, पण पोर्तुगालमधल्या लोकरी विणकामाला फटका बसला. माग सोडलेला माणूस लगेच द्राक्षमळ्यात कुशल होत नाही. व्यापाराची वाट एकाएकी बदलली की भांडवल एका धंद्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत हाल होतात, यावर रिकार्डोने त्याच ग्रंथात वेगळे प्रकरण लिहिले आहे. वर्गात फळ्यावर ते चार आकडे मांडताना हे प्रकरणही वाचायला हवे.