कर्ज रुपयांत, फेड पोत्यांत



जिन्नस स्वस्त झाले म्हणजे गरिबाचें बरें होतें, असें आपण समजतों. पण येथें बसलेल्या पुष्कळांच्या नांवावर सोसायटीचें कर्ज आहे. कर्जदाराला स्वस्ताई कशी पडते, तें अमेरिकेच्या उदाहरणावरून पाहूं.

1929 सालीं तिकडे एक बुशेल, म्हणजे सुमारें 27 किलो, गव्हाला एक डॉलर भाव होता. 1932 सालीं तो 38 सेंटांवर, म्हणजे डॉलरच्या निम्म्याच्याही खालीं आला. शंभर डॉलर कर्जाची फेड पूर्वीं शंभर बुशेलांत होत असे. तिला आतां अडीचशेंहून अधिक बुशेल लागले. कागदावरचा आंकडा तोच, पण घाम अडीचपट! शेतें लिलावांत निघालीं. कर्जें थकलीं तशा बँकाही बुडाल्या. 1930 ते 1933 पर्यंत सुमारें नऊ हजार बंद पडल्या. उरलेल्यांनी भिऊन हात आखडला. कर्ज मिळेना म्हणून माल उठेना, माल उठेना म्हणून भाव आणखी पडले.

1932 च्या जानेवारींत सरकारनें एक महामंडळ काढून बँकांना पैसा दिला. पण बँकांनीं त्यांतून बहुतेक आपलींच देणीं भागविलीं. पाटाला पाणी सोडलें, तें वरच्याच वाफ्यांत मुरलें. शेवटची सरी कोरडीच!

मार्च 1933 मध्यें रूझवेल्ट अध्यक्ष झाले. त्यांनी सर्व बँका कांहीं दिवस बंद ठेवून धडधाकट तेवढ्याच आधीं उघडल्या. सरकारनें बँकांत भांडवल घातलें, 1934 पासून ठेवींना विमा दिला, डॉलरची सोन्याशीं बांधलेली किंमत उतरविली आणि शेतकऱ्यांचीं गहाणें हलक्या व्याजावर बदलून दिलीं. लोकांचा विश्वास परतला, भाव सावरले. तरीही बँका कर्ज द्यावयास कित्येक वर्षें कचरत होत्या.

त्याच मंदींत आपल्याकडेही शेतमालाचे भाव कोसळले. मुंबई इलाख्यांत शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा होण्यास मात्र 1939 साल उजाडलें!

सबब आमचें सांगणें एवढेंच. सरकारनें बँकांना अमुक कोटी दिले असें वाचाल, तेव्हां नुसत्या टाळ्या पिटूं नका. विचारा : त्यांतले आमच्या सोसायटींत किती आले? गांवच्या सुतार-लोहाराला किती मिळाले? आणि मालाला फेडीपुरता भाव आहे काय? अंगठा उठवा कीं सही करा, आधीं घरीं बसून हिशेब करा कीं हें कर्ज किती पोत्यांचें. आणि भाव निम्मा झाला तर किती पोत्यांचें. कर्ज रुपयांत मिळतें, पण आपण तें फेडतों पोत्यांनीं.