लाईट येते तेव्हा जपा

(प्रभाग संघाच्या मासिक सभेतलं बोलणं)

आज हप्त्यांचा विषय नाही, पण हप्त्यांशी जोडलेलाच आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात लाईट जाणं काही नवीन नाही. उन्हाळ्यात लोड वाढतो, पावसाळ्यात तारेवर फांदी पडते. लाईट गेली की आपण मेणबत्ती शोधतो. पण वस्तू जास्त करून जळतात त्या लाईट परत येताना. घरात २३० व्होल्टच्या आसपास पाहिजेत. परत येताना कधी एकदम जास्त येतात, कधी लाईट दोन-तीनदा ये-जा करते. म्हणून लाईट गेली की फ्रिज, टीव्ही, कूलर बंद करा. एक बल्ब आणि पंखा तेवढा चालू ठेवा. पंखा कशाला? एलईडी बल्ब कमी व्होल्टेजमध्येही तसाच उजेड देतो, पंखा मात्र लगेच मंद होतो.

पंखा ५ मिनिटं नीट फिरला की मग फ्रिज लावा. कॉम्प्रेसरमधल्या गॅसचा दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी सुरू केला तर मोटर अडते आणि तापते. विजा कडाडत असतील तर नुसतं बटण पुरत नाही, पिनच काढा.

एका घरात बल्ब भगभगतो आणि शेजारी मंद जळतो, असं दिसलं तर न्यूट्रल तुटलेला असू शकतो. तेव्हा घरात ४०० व्होल्टच्या जवळपासही येऊ शकतात. लगेच मेन स्विच पाडा आणि १९१२ वर फोन करा. बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक जवळ ठेवा. डीपीला मात्र कुणीही हात लावायचा नाही. घरच्या माणसांनाही लावू देऊ नका.

आता गिरणी आणि दालमिलवाल्या गटांनी नीट ऐका. तुमची मोटर तीन फेजची असेल आणि त्यातला एक फेज गेला, तर चालती मोटर बंद पडत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती जास्त करंट ओढते आणि आतली वाइंडिंग जळते. बंद असलेली मोटर अशा वेळी सुरूच होत नाही, नुसती घूं घूं करते. तसा आवाज आला की त्याच क्षणी बंद करा, "होईल सुरू" म्हणून वाट बघू नका. यावर उपाय म्हणजे स्टार्टरला सिंगल फेज प्रिव्हेंटर. फेज गेला की तो मोटर बंद करतो. रिवाइंडिंगपेक्षा तो स्वस्तच पडतो. आणि मोटर जळाली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही, दळण मात्र दुसऱ्या गिरणीवर जातं. ते गिऱ्हाईक परत आणणं किती कठीण, हे तुम्हीच मला सांगता.

फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालायची आपल्याकडे सवयच आहे. मग फ्यूज वाचतो आणि मशीन जळते! अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी टाकत जा. काळी माती सुकून भेगाळली की अर्थिंग नीट काम करत नाही.

व्होल्टेज रोजच कमी येत असेल तर एकटीने तक्रार करू नका. ग्रामसंघाचा ठराव घ्या, कनिष्ठ अभियंत्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कोणत्या दिवशी किती वेळ लाईट नव्हती, ते वहीत लिहून अर्जाला जोडा.

पुढच्या सभेला येताना मशीनवाल्या गटांनी वायरमनला एवढं विचारून या: आमच्या स्टार्टरमध्ये प्रिव्हेंटर आहे का? नसेल तर तिथेच ठराव घेऊ.