एक नांव, दोन चित्रपट



चित्रपटाचा इतिहास शोधणें आतां सोपें झालें आहे, असा पुष्कळांचा समज आहे. संगणकावर नांव टाकावें, कीं साल, दिग्दर्शक व नटमंडळी यांची यादी पुढें उभी राहते. ही सोय थोर आहे. तिचा अव्हेर कोणीं करूं नये. परंतु यादी ही साक्षीदार नव्हे, साक्षीदाराच्या दारापर्यंत नेणारी वाट आहे.

आपल्या कोल्हापूरचेंच उदाहरण घेऊं. 'सावकारी पाश' हें नांव शोधलें तर कोठें १९२५ साल मिळतें, कोठें १९३६. आमच्या राजारामपुरींतील एका विद्यार्थिनीनें विचारलें, "गुरुजी, यांतलें खरें कोणतें?" दोन्ही खरीं आहेत. बाबूराव पेंटरांनीं महाराष्ट्र फिल्म कंपनींत १९२५ सालीं ना. ह. आपट्यांच्या कथेवर मूकपट काढला. त्यांत तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांतारामांनीं केली. पुढें १९३६ सालीं शालिनी सिनेटोनमधून त्याच बाबूरावांनीं त्याच नांवाचा बोलपट काढला. नांव एक, दिग्दर्शक एक, गांवही एकच. मग एकाची नटमंडळी दुसऱ्याच्या नोंदींत शिरली तर नवल काय?

उलटही घडतें. प्रभातचा १९३२ चा 'अयोध्येचा राजा' मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघाला. कोणी त्याची एक नोंद करतो, कोणी दोन. बाबूरावांचें मूळ आडनांव मेस्त्री, म्हणून त्या नांवानेंही शोध घ्यावा लागतो. रोमन लिपींत 'सावकारी' हा शब्द कोणी 'व्ही'नें लिहितो, कोणी 'डब्ल्यू'नें. शिवाय निर्मिति, सेन्सॉरचा दाखला आणि प्रदर्शन यांचीं सालें निरनिराळीं असूं शकतात. तेव्हां सूचीनें कोणतें साल दिलें आहे हें पाहिल्यावांचून कोणालाही खोटें ठरवूं नये.

मग निर्णय कोठें लागतो? ग्रंथालयांत. आशिष राजाध्यक्ष व पॉल विलेमन यांचा भारतीय चित्रपटकोश १९९४ सालीं निघाला. तेथून आरंभ करावा. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून याच कामासाठीं आहे. आपलें करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० सालचें. ग्रंथपालांस "जुन्या सिनेमाविषयीं कांहीं आहे का?" असें मोघम विचारूं नये, वर्तमानपत्राचें नांव आणि महिना सांगावा. तो महिना बहुधा संगणकावरील सूचीच सुचविते, आणि येथें दोन्ही साधनें एकमेकांस पूरक होतात. जाहिरातींत चित्रगृह व तारीख सांपडते. मात्र 'लवकरच येत आहे' ही जाहिरात प्रदर्शनाचा पुरावा नव्हे. दहा ठिकाणीं उतरलेली एकच चूक म्हणजे दहा पुरावेही नव्हेत.

एवढा काटेकोरपणा कशासाठीं? चित्रपट उपलब्ध असेल तर पुष्कळ शंका पडद्यावरच फिटतात. परंतु १९२५ चा तो मूकपट आज पाहावयास मिळत नाहीं. त्या काळची फिल्म नायट्रेटची, झटकन पेट घेणारी. २००३ सालीं पुण्यांत अशा फिल्मच्या सांठ्यास आग लागून अमोल ठेवा भस्म झाला. चित्र गेलें, आतां कागद तेवढा उरला आहे. तोही गेला, तर चुकीची नोंद दुरुस्त करण्यास जगांत दुसरें कांहींच उरणार नाहीं.

आणि असा कागद केवळ संस्थांतच असतो असें नाहीं. कोल्हापुरांतील कित्येक घरांतून कोणी ना कोणी स्टुडिओंत सुतारकाम, रंगकाम अथवा लहानसहान भूमिका केलेली आहे. अशा घरांतील जुनीं गाण्यांचीं पुस्तकें, हस्तपत्रकें व छायाचित्रें रद्दींत घालण्यापूर्वीं एखाद्या जाणत्या ग्रंथपालास दाखवा. छायाचित्रामागें शिसपेन्सिलीनें हलकेच नांवें लिहून ठेवा. तीं सांगणारीं वडीलधारीं माणसें घरांत आहेत, तोंवरच हें काम होण्याजोगें आहे.