आज सेव्ह-टू होता: शाळा चालवणाऱ्या बायकोचा नवरा होताना

(या भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच कमी केले आहेत, सगळे नाहीत.)

या पॉडकास्टवर मी सहसा सिस्टिम डिझाइन, इंटरव्ह्यू, नोकऱ्या असलं काहीतरी बोलतो. आज घरचं बोलणार आहे. बायकोची परवानगी घेतली आहे. तिने स्क्रिप्ट वाचली, दोन वाक्यं उडवली आणि एक वाढवलं. वाढवलेलं कुठलं ते शेवटी सांगतो.

तर, माझी बायको सिंगापूरमधल्या एका इंटरनॅशनल शाळेत पीवायपी कोऑर्डिनेटर आहे. आयबी बोर्डाचा ३ ते १२ वयाच्या मुलांसाठीचा अभ्यासक्रम म्हणजे पीवायपी. तो शाळेत नीट चालवायची जबाबदारी तिची, त्यामुळे ती लीडरशिप टीममध्ये बसते. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पगारानेही मोठी. मी बीटेक, पुण्यात बॅकएंडचं काम करत होतो. जुलै २०२३ मध्ये आम्ही तिच्या नोकरीसाठी इकडे आलो. निघताना आत्याने सगळ्यांसमोर विचारलं, "म्हणजे तू तिच्याबरोबर चाललायस? मग तू तिथे करणार काय रे?" सगळे हसले. मीही हसलो.

प्रश्न मात्र बरोबर होता, आणि तो मी स्वतःला आधी विचारायला हवा होता. शाळेने ऑफर दिली तेव्हा उत्तर द्यायला ४८ तास होते. पत्रात घरभत्ता, विमा, वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट, सगळं तपशीलवार. माझ्याबद्दल एक ओळ: जोडीदाराला डिपेंडंट पास मिळेल. मी एका जुन्या ब्लॉगवर वाचलं की या पासवर कंपनीने एक परवानगीपत्र काढलं की नोकरी करता येते. म्हटलं, झालं काम! तो नियम १ मे २०२१ पासून बदलला होता. आता नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो. माझ्यासारख्याला एम्प्लॉयमेंट पास. त्याला तेव्हा किमान पगार ५,००० सिंगापूर डॉलर, वय वाढेल तसा जास्त. वर १ सप्टेंबर २०२३ पासून नव्या अर्जांना 'कॉम्पास' नावाची गुणपद्धत सुरू झाली, त्यात ४० गुण हवेत. म्हणजे मी पोचलो आणि दोन महिन्यांत दार अजून अरुंद झालं. इंटरव्ह्यू चांगले व्हायचे, पासचा विषय निघाला की एचआरचे मेल यायचे बंद. नोकरी मिळायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांबद्दलच आज बोलायचंय.

आधी तिची बाजू सांगतो. सकाळी पावणेसातला ती घराबाहेर. संध्याकाळी पालकसभा. नवे शिक्षक घ्यायचा मोसम आला की उमेदवार कॅनडात नाहीतर केनियात, त्यामुळे मुलाखती रात्री. आयबी दर पाच वर्षांनी शाळेचं मूल्यमापन करतं, त्याची पाळी नेमकी त्याच वर्षी. आमच्या धंद्यात ऑन-कॉलचं रोटेशन असतं. एक आठवडा फोन माझ्याकडे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे. शाळेच्या लीडरकडे रोटेशन नाही. शनिवारी रात्री साडेअकराला पालकाचा मेसेज आला तरी फोन तिचाच वाजणार.

पण कामाचे तास हे आमचं मुख्य दुखणं नव्हतं. दुखणं होतं गप्प बसण्याचं.

बघा, मी ऑफिसमधून वैतागून आलो तर घरी सगळं ओकून मोकळा होतो. मॅनेजर असा, डिप्लॉयमेंट तसं. तिला ते करता येत नाही. तिच्याकडे येतं ते एखाद्या मुलाचं असतं, एखाद्या घरातल्या भांडणाचं असतं, एखाद्या शिक्षकाचं कंत्राट पुढे वाढवायचं की नाही याचं असतं. यातलं काहीही घरी बोलायचं नाही. आणि आम्ही राहतो त्याच कॉन्डोत शाळेतले सहासात शिक्षक राहतात. ज्याचं कंत्राट वाढणार नाही हे तिला माहीत आहे, तो मला स्विमिंग पूलवर भेटतो आणि म्हणतो, पुढच्या वर्षी मुलाला इथेच घालणार. मला काही माहीत नसणं हेच बरोबर आहे. मीही तिथे मन मोकळं करू शकत नाही. "नोकरी मिळत नाहीये, वैताग आलाय" असं पूलवर बोललो तर सोमवारी ते स्टाफरूममध्ये. कोऑर्डिनेटर मॅडमच्या घरी काहीतरी बिनसलंय!

म्हणजे घरात दोन माणसं, आणि दोघांनाही बोलायला कोणी नाही.

फेब्रुवारी २०२४, चिनी नववर्षाच्या सुट्टीच्या आधीचा गुरुवार. ती घरी आली आणि बूट न काढता सोफ्यावर बसून राहिली. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही." सात महिने मी हेच "काही नाही" ऐकत होतो. त्या रात्री मी पुण्याचं तिकीट काढलं. एकतर्फी.

सकाळी सांगितलं. वाटलं होतं ती चिडेल. ती एवढंच म्हणाली, "अरे, मला सांगता येत नाही. एका लहान मुलाचं आहे. मी कुणालाच सांगू शकत नाही." आणि रडायला लागली. मला सात महिने वाटत होतं की माझ्याकडे नोकरी नाही म्हणून ही मला मोजत नाही. तिला वाटत होतं, हा आधीच माझ्यामुळे अडकलाय, त्यात माझं ओझं याच्यावर कशाला.

तिकीट रद्द केलं, अर्धे पैसे बुडाले. सुट्टीचे दोन दिवस आम्ही नुसते बोललो. त्यातून एक गोष्ट सापडली, तीच सांगण्यासाठी हा सगळा भाग.

आमच्याकडे सिस्टिम कोसळली की आधी तीव्रतेची पातळी ठरते. सेव्ह-वन म्हणजे सगळं बंद, सगळ्यांना उठवा. सेव्ह-टू म्हणजे गंभीर. सेव्ह-फोर म्हणजे उद्या बघू. कारण नंतर शोधतात, आकडा आधी सांगतात. मी तिला म्हटलं, "तू मला कारण सांगूच नकोस. फक्त आकडा सांग." आता ती दारातून आत येते आणि म्हणते, "आज सेव्ह-टू." मी काही विचारत नाही. चहा टाकतो, तिचा फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत नेतो. कोण, कुठलं मूल, काय घडलं, यातलं एक अक्षर मला कळत नाही. तिचा दिवस किती जड गेला ते कळतं, आणि मला तेवढं पुरतं.

माझ्या बाजूनेही एक नियम झाला. ती रोज आल्या आल्या विचारायची, "त्या कंपनीचं काय झालं?" काळजीनेच विचारायची, पण मला रोज नापास झाल्यासारखं वाटायचं. तो विषय आम्ही रविवारी सकाळवर ढकलला. लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटला मासे आणि मेथी घ्यायला जातो, येताना कोपीटियममध्ये बसतो आणि तिथे तो विषय. बाकी सहा दिवस बंद. आणि मी शाळेबाहेरची माणसं जोडली. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला खुर्च्या लावायला गेलो, तिथे दोन मित्र मिळाले. त्यांना माझी बायको काय करते यात काडीचा रस नाही. फार बरं वाटलं!

आता थोडं शाळांसाठी, कारण ऐकणाऱ्यांत शाळावालेही आहेत हे मेलवरून कळतं. १९८१ मध्ये रोझली टंग या अभ्यासिकेने अमेरिकन कंपन्यांना विचारलं होतं की परदेशी पाठवलेली माणसं का टिकत नाहीत. पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं: जोडीदार तिथे रुळला नाही. चाळीसहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला. तरी माझ्या वाट्याला पत्रात एक ओळ.

तर तीन गोष्टी करा. एक, ऑफर देताना जोडीदाराशी वेगळा अर्धा तास बोला. कामाच्या परवान्याचा आजचा नियम, तारखेसकट, लेखी द्या. माणूस नाही म्हणाला तरी चालेल, फेब्रुवारीत निघून जाण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. दोन, समुपदेशनाची सोय जोडीदारालाही द्या, आणि ती शाळेबाहेरच्या माणसाकडे. शाळेच्याच काउन्सेलरकडे मी कसा जाणार? ती माझ्या बायकोबरोबर मीटिंगमध्ये बसते. तीन, फोनचं रोटेशन. ही माझ्या बायकोने शाळेत मांडली. ऑगस्ट २०२४ पासून शनिवार-रविवारचा फोन लीडरशिप टीममधले पाच जण आळीपाळीने घेतात. म्हणजे पाचातले चार शनिवार-रविवार तिचे. पालकांची एकही तक्रार आलेली नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये शाळेने विचारलं, कंत्राट वाढवायचं का? तो फॉर्म आम्ही कोपीटियममध्ये, माशांची पिशवी पायाशी ठेवून भरला. तोवर मला नोकरी लागून पाच महिने झाले होते. ठरलं असं: अजून दोन वर्षं इथे, आणि पुढचं गाव माझ्या कामावरून ठरवायचं. तिनेच आधी म्हटलं.

आता तिने वाढवलेलं वाक्य, जसंच्या तसं: "याने तिकीट काढलं त्याच आठवड्यात मी राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता, आणि हे त्याला ही स्क्रिप्ट वाचताना सांगतेय."

खरंच, मला कालपर्यंत माहीत नव्हतं. काल रात्री आमच्याकडे सेव्ह-वन होता. चहा तिने टाकला.

चला, तुमच्या घरी कोणी शाळा चालवत असेल तर हा भाग त्यांच्याबरोबर बसून ऐका. भेटू पुढच्या भागात. पुढच्या वेळी नक्की डेटाबेसबद्दल!