न उघडणारा पाठ
(केंद्रशाळेतील शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



२०२१ च्या फेब्रुवारीत, टाळेबंदीनंतर शाळा नुकत्याच उघडल्या असता, मी एका उच्च प्राथमिक शाळेस भेट दिली. तेथील बाईंनी चंद्राच्या कलांचा पाठ दाखविण्यासाठी मोठ्या हौसेने संगणक सुरू केला. पडद्यावर चंद्र आलाच नाही. आली ती एक करडी चौकट. बाई ओशाळल्या. “साहेब, माझ्याच हातून काही बिघडले असावे. आठ दिवस झाले, कोणास सांगितले नाही,” असे त्या म्हणाल्या. वस्तुतः त्यांच्या हातून काहीही बिघडले नव्हते.

ब्राउझर हा मुळात मजकूर व चित्रे दाखविण्यापुरता होता. हलती चित्रे, ध्वनी व खेळ यांसाठी त्यास बाहेरून जोड द्यावी लागे. तिला प्लग-इन म्हणतात. शाळेस जागा अपुरी पडली म्हणजे आपण शेजारच्या वाड्यातील खोली मागून घेतो. वर्ग उत्तम भरतो. परंतु किल्ली वाड्याच्या मालकाजवळ असते. १९९६ पासून चालत आलेले फ्लॅश ही अशीच एक खोली. २००५ मध्ये ती अडोबी कंपनीकडे आली. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सिल्व्हरलाइट नावाची दुसरी उघडली. २००८ चे बीजिंग ऑलिंपिक अमेरिकेतील लोकांनी इंटरनेटवर पाहिले ते हिच्याच साह्याने. एप्रिल २०१० मध्ये तिची चौथी आवृत्ती निघाली. तीत छपाईची सोय होती, कॅमेरा व मायक्रोफोन वापरता येत होते. उत्साहाला पारावार नव्हता.

आणि त्याच महिन्यात अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी आपल्या फोनमध्ये फ्लॅशला जागा का नाही, हे जाहीर पत्राने सांगितले. बॅटरी, सुरक्षितता आणि एकाच कंपनीची मालकी, ही त्यांची काही कारणे. (स्वतः त्यांची कंपनी किल्ल्या सांभाळण्यात कोणास हार जाणारी नव्हे, हेही खरे!) पुढे ब्राउझरच स्वतः ही कामे करू लागला, त्यासाठीचे एचटीएमएल-५ हे खुले प्रमाण २०१४ मध्ये मान्य झाले. सिल्व्हरलाइटची पाचवी आवृत्ती २०११ मध्ये निघाली. तीच शेवटची मोठी आवृत्ती ठरली. १२ ऑक्टोबर २०२१ रोजी तिचा आधार संपला. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीच संपला होता व १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील पाठ चालणे बंद करण्यात आले. बाईंचा चंद्र मावळला तो असा.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाने विज्ञानाचे आपले अनेक जुने प्रयोग एचटीएमएल-५ मध्ये पुन्हा रचले. त्यांपैकी काही मराठीतही आहेत. परंतु आपल्याकडील सीडीतल्या पाठांना असा वाली क्वचितच मिळाला. म्हणून नवा पाठ स्वीकारताना तो साध्या मोबाइलवर, काहीही जास्तीचे न बसविता उघडतो का, एवढे अवश्य पाहावे. “फ्लॅश उतरवून घ्या” अशी सूचना आजही कोठे दिसल्यास तिला हात लावू नये. ती बहुधा फसवणूकच असते. आणि पाठ बंद पडला, तर दुसऱ्या दिवशीच कळवावे; आठ दिवस मनात कुढू नये.

त्या दिवशी बाईंनी खिडक्या लावून घेतल्या, विजेरी व चेंडू आणविला आणि अष्टमीपर्यंतचा चंद्र मुलांकडूनच दाखवून घेतला. मी मागच्या बाकावर बसून होतो. तरीही त्यांची सीडी मी मागून आणली आहे. रफल नावाच्या मोफत प्रणालीत जुने फ्लॅश-पाठ पुष्कळदा चालतात. हा चालतो का, ते आता चहानंतर आपण मिळून पाहू. आपणांपैकी कोणी जुन्या सीडी आणल्या असतील, तर त्याही टेबलावर ठेवाव्यात.