पऱ्याच्या पाण्याची परीक्षा



हरिहरेश्वरी जाणारा यात्रेकरू काळभैरवाचे दर्शन घेतो, प्रदक्षिणा करतो, समुद्राला हात जोडतो. पण माडापोफळींच्या वाड्यांतून पावसाळ्यात वाहणाऱ्या पऱ्यांकडे त्याचे लक्ष जात नाही. आज आम्ही अशा पऱ्यांविषयीच बोलणार आहोत.

घाण पाणी म्हटले की काळे, दुर्गंधी सुटलेले पाणी डोळ्यांपुढे येते. परंतु एक दूषण असे आहे की ते पाण्याला जणू जेवू घालते! शेणखत, रासायनिक खत, संडासांचे पाणी, यांतून नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतात. जे पोफळीला पोसते, तेच शेवाळालाही पोसते. १९७३ साली कॅनडात शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही भागांत कर्ब व नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात. तेवढाच भाग हिरवागार झाला.

शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, रात्री तो ओढून घेते आणि मेल्यावर कुजताना उरलासुरलाही संपवते. म्हणून अशा तळ्यातली मासळी पहाटे तडफडते. भर दुपारी पाणी तपासणारा फसतो तो यामुळेच.

आता विहिरीकडे वळू. कोकणातला जांभा सच्छिद्र. शोषखड्ड्यातले नत्र नायट्रेटच्या रूपाने त्यातून विहिरीला मिळू शकते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची आपल्याकडील मर्यादा. ते फार वाढले, तर वरच्या दुधावरील तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. आई बिचारी पाणी उकळून देते. पण उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते. तिला हे कोणी सांगायचे?

१९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा झाला. महाबळेश्वरी उगम पावून बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळणाऱ्या सावित्रीचे पाणी महाडच्या परिसरात राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासते. परंतु पावसाळा सरताच आटणाऱ्या प्रत्येक पऱ्यापर्यंत सरकारी माणूस कसा पोहोचणार? ते काम गावाचेच.

काम अवघड नाही. वस्तीच्या वर एक आणि खाली एक, अशा दोन जागा ठरवाव्यात. दर महिन्याला तिथलेच पाणी घ्यावे. पहिल्या मोठ्या पावसाचे तर चुकवू नये, कारण उन्हाळाभर साठलेले सारे त्यासरशी धुऊन येते. नारळाची करवंटी सोडून ठरावीक अंतर किती वेळात कापते ते पाहावे आणि पात्राची रुंदी-खोली मोजावी, म्हणजे प्रवाहाचा अंदाज येतो. पुराच्या पाण्यात प्रमाण थोडे दिसले तरी एकूण वाहून जाणारे खत पुष्कळ असते. वरच्या आणि खालच्या आकड्यांतला फरक हाच वस्तीचा जमाखर्च.

कोणी म्हणेल, आकडे बाहेर फुटले तर पाहुणे येणार नाहीत. हरिहरेश्वरचे पाणी बिघडले आहे, असे आमचे म्हणणे नव्हे. ते चांगले असेल, तर ती वहीच गावाची साक्ष होईल. बिघडू लागले असेल, तर पाहुण्यांच्या आधी आपल्याच लेकरांसाठी ते कळले पाहिजे. एक वही, दोन बाटल्या आणि शाळेतली चार उत्साही मुले एवढ्यावर आरंभ होईल. वही मात्र दरवर्षी ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे.