नानांची पेटी

आम्ही दोघी बहिणी नशिराबादच्या. एकीचं सासर गावातच, दुसरीचं वरणगावला. नाना गेले, दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि मग प्रश्न पडला, नानांचे पैसे आहेत तरी कुठे? माय म्हणे, "मले काय माहीत? बँकेचं सारं तेच पाहत."

आमच्याकडून पहिली चूक तिथेच झाली. दिवसांच्या खर्चाला आम्ही नानांच्या कार्डावर एटीएममधून पैसे काढले. पिन माहीत होता ना! पण खातेदार गेल्यावर त्याचं कार्ड कुणीच वापरायचं नसतं. बँकेत कळवायचं, मृत्यूचा दाखला द्यायचा. दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेवा, प्रत्येक खिडकीवर एक लागते.

मग पत्र्याची पेटी उपसली. त्यात देना बँकेचं जुनं पासबुक निघालं. ती बँक आता कुठे आहे? 2019 च्या एप्रिलपासून ती बँक ऑफ बडोदात आहे, तिथेच विचारायचं. दहा वर्षं ज्या खात्याला कुणी हात लावत नाही, त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. ते बुडत नाहीत, वारसांनी बँकेत अर्ज केला की परत मिळतात. असे पैसे शोधायला 'उद्गम' नावाचं रिझर्व्ह बँकेचं पोर्टल आहे, फुकट आहे. मात्र पतसंस्थेतली ठेव त्यात दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात पतसंस्थेच्या पावत्या घरोघरी, म्हणून पेटीतला चिटोराही फेकू नका. पासबुकातल्या कपातीही वाचा. वर्षाला 436 रुपये कापले असतील तर दोन लाखांचा जीवन विमा असतो, 20 रुपये असतील तर अपघाताचा. नाना वयात बसत नव्हते, पण तुमच्या घरात कुणी तरुण गेला असेल तर नक्की बघा.

आता खरी गोष्ट. खात्यावर नॉमिनी म्हणून भावाचं नाव. तो म्हणाला, "माझं नाव आहे, म्हणजे पैसे माझे." आम्हीही तेच खरं मानत होतो. पण नॉमिनी म्हणजे फक्त बँकेकडून पैसे घेणारा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली, आणि मृताची आई हयात असेल तर तीही, सारख्या वाट्याच्या. लेक लग्न होऊन गेली तरी. नॉमिनी नसेल आणि वारसांत भांडण नसेल, तर साध्या बँकेत 15 लाखांपर्यंत, सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. हा नियम 2025 मध्ये आला.

हे ऐकून भाऊ दोन दिवस बोलला नाही. सोसायटीचं पीककर्ज त्यानेच फेडायचं, ही त्याच्या मनातली भीती. मग त्याला समजावलं की कर्ज वारसांवर येतं ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच, आणि ते आधी वळतं करू. तसंच केलं. उरलेली रक्कम मायच्या नावाने ठेवली. ना-हरकतीवर सही आम्ही केली, पण कागद ओळ न ओळ वाचून, आणि शेताचा हक्क त्यात घातलेला नाही हे बघून. शेताची वारस नोंद वेगळी, ती तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायची.

मायच्या नव्या पासबुकावर नॉमिनीचं नाव पडलंय. पुढच्या बैठकीला आम्ही आमच्या नवऱ्यांची पासबुकं घेऊन येतोय. तुम्हीही आणा.